सोरा, खरूज आणि मोलगीची वही

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. १९९१ च्या पावसाळ्यापासून १९९४ च्या उन्हाळ्यापर्यंत मी मोलगीला होतो. एका आश्रमशाळेत लिपिकाची तात्पुरती नोकरी होती. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, मोलगी धुळे जिल्ह्यात होती. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून जीप वर आली की खालचे जग खालीच राही. संध्याकाळी वेळ जाता जात नसे. सोबत वडिलांनी दिलेली होमिओपॅथीच्या गोळ्यांची लाकडी पेटी होती, बोरिकचे मटेरिया मेडिका होते आणि सॅम्युएल हानेमानच्या जुनाट रोगांवरील ग्रंथाची दिल्लीत छापलेली स्वस्त इंग्रजी आवृत्ती होती. वडील पोस्टात होते आणि शेजारीपाजारी फुकट गोळ्या देत. ते पुण्याचे काम आहे असे मानून मीही मोलगीत गोळ्या देऊ लागलो. त्यासाठी नोंदणी लागते हे ठाऊक होते. पण फुकट देणाऱ्याला कोण विचारतो, असा माझा हिशेब होता.

वहीच्या ३४ व्या पानावर एका मुलाची नोंद आहे. वय अंदाजे सात. हातापायांचे सांधे आणि लांब हाडे वारंवार दुखतात. थंडीत आणि पावसात भिजल्यावर जास्त. डोळे पिवळसर. रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे, अशी हानेमानची शिस्त. म्हणून मी ते मोठ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याकडून समजून घेऊन लिहिले आहे : हाडाच्या आत कोणीतरी कांडते आहे. पूर्वेतिहासात लिहिले आहे : गेल्या वर्षी खरूज, मलम लावून दाबली. आणि खाली लाल शाईने : सोरा. ऱ्हस टॉक्स २००, नंतर सल्फर.

मुलगा चार दिवसांत खेळू लागला. पुढच्या दोन वर्षांत असे नऊ वेळा झाले. नऊही वेळा मी गोळ्या दिल्या आणि नऊही वेळा तो बरा झाला. शेवटची नोंद १९९३ च्या दिवाळीनंतरची आहे : सुधारणा चांगली, औषध थांबवावे. त्यानंतर त्याचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले, तोही गेला. फेब्रुवारीत माणसे परतली तेव्हा तो त्यांच्यात नव्हता. ताप आला, दोन दिवसांत गेला, एवढेच कळले.

काही वर्षांनी आश्रमशाळांमधून सिकलसेलच्या तपासण्या सुरू झाल्या. त्याच्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आजार असल्याचे निघाले, आईवडील दोघेही वाहक. त्या मुलाचे रक्त कोणी तपासले नव्हते. पण ते ३४ वे पान आज कोणत्याही परिचारिकेला वाचून दाखवले, तर ती तिसऱ्या ओळीलाच रोगाचे नाव सांगेल.

मी डॉक्टर नाही. महाविद्यालयाची पायरी पुरती चढलो नाही. जे काही वाचले ते नोकरी सांभाळून, उसन्या पुस्तकांतून वाचले. प्रस्तुत लेखात मला एका पुस्तकाची चिकित्सा करायची आहे, कारण त्या पुस्तकावर विश्वास ठेवून मी तीन वर्षे वागलो. होमिओपॅथी म्हणजे साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्या, एवढे म्हणून हसणे सोपे आहे. त्या गोळ्यांमागे एक ग्रंथ आहे, त्या ग्रंथात एक खरा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाचे चुकलेले उत्तर आजही दवाखान्यांमधून दिले जाते.

प्रश्न खरा होता

हानेमानचा जन्म १७५५ चा, जर्मनीतील माइसेनचा. १७९० मध्ये कलेनच्या औषधिग्रंथाचे भाषांतर करताना त्याने सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली आणि तिच्याने हिवतापासारखी लक्षणे उमटतात असे नोंदवले. समाने समाचा उपचार हे तत्त्व तेथून निघाले. १८१० मध्ये त्याचे ‘ऑर्गनन’ आले. त्या काळी रोग्याचे रक्त काढणे, जुलाब देणे, पाऱ्याचे मोठे डोस देणे हीच प्रतिष्ठित वैद्यकी होती. तिच्यापुढे हानेमानचा रोगी निदान औषधाने तरी मरत नसे.

त्याचे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. आपल्या पद्धतीने बरे झालेले रोगी पुन्हा पुन्हा आजारी पडतात, हे त्याने पाहिले आणि लपवले नाही. जेवणात थोडी चूक झाली, थंडी लागली, एखादे दुःख कोसळले की तीच व्याधी परत येते, कधी वेगळ्या रूपात येते. औषध बरोबर निवडूनही असे का व्हावे? १८१६ च्या सुमारास हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला आणि बारा वर्षे राहिला. १८२८ मध्ये क्योथेन या छोट्याशा संस्थानी शहरात बसून त्याने जुनाट रोगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध करायला घेतला. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. या वयात आपली पद्धत अपुरी पडते असे छापून सांगणारे किती वैद्य सापडतील?

समोर दिसणारे दुखणे म्हणजे पूर्ण रोग नव्हे, त्याच्या मागे काहीतरी टिकून असते आणि ते संधी मिळताच डोके वर काढते, ही त्याची जाण आजच्या मधुमेहाला, दम्याला, सिकलसेललाही लागू पडते. मी ते पुस्तक मोलगीत कंदिलाच्या उजेडात वाचले तेव्हा भारावून गेलो होतो. आज वाचतानाही पहिल्या प्रकरणापुढे मान तुकवावीशी वाटते.

सात-अष्टमांश

उत्तर मात्र पुढीलप्रमाणे होते. जुनाट रोगांच्या मुळाशी तीन संसर्गजन्य दोष, ‘मायझम’, असतात : उपदंशाचा सिफिलिस, चामखिळींसारख्या गुप्तरोगाचा सायकोसिस आणि खरजेचा सोरा. पहिल्या दोघांच्या वाट्याला जुनाट रोगांचा एक-अष्टमांश, उरलेले सात-अष्टमांश एकट्या सोराचे. वेड, अपस्मार, दमा, जलोदर, कर्करोग, संधिवात, मूळव्याध, मोतीबिंदू, बहिरेपण, सारे सोराच्या पोटातले. खरूज कातडीवर आहे तोवर आतला रोग शांत असतो. मलम लावून ती दाबली की रोग आत वळतो आणि वर्षांनंतर दुसऱ्या नावाने बाहेर येतो.

पुरावा म्हणून हानेमानने जुन्या वैद्यांच्या ग्रंथांतून अशा रोग्यांच्या हकिकती गोळा केल्या. अमक्याची खरूज मलमाने गेली आणि त्याला दमा झाला, तमक्याची गेली आणि त्याला झटके येऊ लागले. ही यादी वाचताना मला वहीतले माझेच अक्षर दिसते. ज्या काळात खरूज घरोघरी होती, त्या काळात कोणत्याही दमेकऱ्याला विचारले तरी खरूज होऊन गेलेलीच असणार. ज्यांची खरूज मलमाने गेली आणि पुढे काहीच झाले नाही ते लोक कुठे आहेत? ते कोणाच्याच ग्रंथात नाहीत, कारण ते वैद्याकडे परत आले नाहीत. आश्रमशाळेत माझ्यासमोर दीडशे मुले होती आणि बहुतेकांना कधी ना कधी खरूज झाली होती. त्यांपैकी हाडे दुखणारा एक मुलगा मी उचलला आणि त्याच्या खरजेला दोष दिला. उरलेल्यांकडे मी पाहिले नाही.

सुप्त सोराच्या लक्षणांची यादी तर याहून बोलकी आहे. झोपेत मुलाच्या डोक्याला घाम येणे, पोट पुढे येणे, जंत, वरचेवर नाकातून रक्त येणे, हातपाय थंड पडणे. हा सुप्त दोष जागा कशाने होतो, तेही हानेमान सांगतो : निकृष्ट अन्न, ओल, अतिश्रम आणि या सर्वांहून अधिक, सततचे दुःख आणि मनस्ताप. सातपुड्यातल्या कोणत्याही पाड्यावर उभे राहून ही यादी वाचावी. ती एका रोगाची यादी वाटत नाही, गरिबीचे वर्णन वाटते. हानेमानने ते नेमके टिपले आणि मग त्या सगळ्याला एका खरजेचे नाव दिले. त्याची नजर चांगली होती. तिने पाहिलेले सगळे एका खुंटीला टांगण्याची घाई त्याच्या सिद्धान्ताने केली.

१८३४ ची सुई

ग्रंथाची पहिली आवृत्ती १८२८ ते १८३० मध्ये आली, दुसरी १८३५ ते १८३९ मध्ये. या दोन्हींच्या मधल्या काळात, ऑगस्ट १८३४ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने भरल्या सभेत खरजेच्या रोग्याच्या कातडीतून सुईने एक किडा काढून दाखवला. ही युक्ती तो कोणत्या प्राध्यापकाकडून शिकला नव्हता. कॉर्सिकातल्या गरीब बायका आपल्या पोरांच्या हातांतून असे किडे टोचून काढत, ते त्याने लहानपणी पाहिले होते. इटलीच्या बोनोमोने १६८७ मध्येच हा किडा वर्णिला होता, पण विद्वानांनी तो विसरून टाकला होता. १८३४ नंतर ते शक्य राहिले नाही. खरूज हा किड्याचा उपद्रव ठरला. किडा मारला की खरूज जाते आणि मागे काही शिल्लक राहत नाही.

दुसऱ्याच वर्षी, १८३५ मध्ये, हानेमान स्वतः पॅरिसला राहायला गेला. दुसरी आवृत्ती तेथे पुरी झाली. सोरा जागच्या जागी राहिला.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. खरजेवर गंधकाचे मलम हा फार जुना उपाय आहे आणि तो खरा आहे, गंधकाने किडा मरतो. आजही तान्ह्या मुलांसाठी डॉक्टर तो वापरतात. हानेमानने हेच मलम घातक ठरवले, कारण ते खरूज दाबते. आणि तोच गंधक तिसाव्या पायरीपर्यंत विरळ करून पोटात द्यायला सांगितला. दर पायरीला शंभर पट विरळ करत गेले की बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता संपते. तिसाव्या पायरीला विरळपणा एकावर साठ शून्ये एवढा होतो. जेथे गंधक काम करतो तेथून तो काढला आणि जेथे तो नाहीच तेथे त्याच्यावर भरवसा ठेवला.

याची किंमत कोणी मोजली? मी वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीला सांगितले होते की मुलांना मलम लावू नका, रोग आत जाईल. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “भाऊ, रात्रभर पोरं खाजवतात, झोपत नाहीत.” मी त्यांना हानेमान समजावून सांगितला. आज मला ठाऊक आहे की खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतात आणि त्यातून काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. म्हणजे खरजेतून आतला आजार होतो ही गोष्ट खोटी नाही. तो होतो ती वाट मात्र हानेमानच्या बरोबर उलट आहे : खरूज बरी केल्याने नव्हे, न केल्याने. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. मावशींना ते आधीच कळत होते.

ताणत गेलेला शब्द

होमिओपॅथीचे जाणकार यावर म्हणतील की सोरा म्हणजे खरजेचा किडा नव्हेच, ती एक सखोल प्रवृत्ती आहे. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण परंपरेत असेच घडले. अमेरिकेच्या जेम्स टायलर केंटने १९०० च्या व्याख्यानांत सोराचे मूळ माणसाच्या बिघडलेल्या विचारात आणि इच्छेत शोधले. तो जवळजवळ आदिपापाच्या कल्पनेपर्यंत गेला. मुंबईत डॉ. एम. एल. ढवळे यांनी रुग्णनोंदीचे प्रमाणित तक्ते घडवून ही विद्या शिस्तीत बसवण्याचा गंभीर प्रयत्न केला. त्यांच्या नावाच्या न्यासाचे पालघरचे रुग्णालय आदिवासी पट्ट्यातच आहे. मुंबईचेच राजन शंकरन यांनी मायझमांची संख्या दहापर्यंत नेली, त्यांत हिवताप, नायटा, कुष्ठरोग, क्षय, कर्करोग अशी नावे आली.

संख्या वाढली याला माझा आक्षेप नाही, कोणत्याही शास्त्रात प्रकार वाढतात. तीनांचे दहा का झाले, नऊ किंवा बारा का नाहीत, हे कोणत्या तपासणीवर ठरले, हा प्रश्न आहे. खरजेचा किडा सापडला तेव्हा सोरा खरजेतून बाहेर पडून प्रवृत्ती झाला. प्रवृत्ती मोजता येईना तेव्हा तो मनोवृत्ती झाला. साहित्यात शब्दाचा अर्थ असा विस्तारत गेला तर आपण त्याला समृद्धी म्हणतो. औषधात तसे म्हणता येत नाही. तेथे शब्दावर विसंबून कोणीतरी गोळी घेतो आणि कोणीतरी दुसरे औषध बंद करतो.

सिद्धान्ताला चुकण्याची जागाच उरलेली नाही. हानेमानच्या याच ग्रंथाच्या १८४५ च्या अमेरिकन आवृत्तीला कॉन्स्टन्टाइन हेरिंगने प्रस्तावना लिहिली. रोग बरा होताना आतून बाहेर, वरून खाली आणि आला त्याच्या उलट क्रमाने जातो, हा पुढे त्याच्या नावाने ओळखला गेलेला नियम तेथला. त्याला औषधाने होणाऱ्या तात्पुरत्या वाढीची कल्पना जोडली की चित्र पुरे होते. रोगी बरा झाला तर गोळी लागू पडली. वाढला तर ती औषधाची वाढ, शुभ चिन्ह. अंगावर पुरळ उठले तर रोग बाहेर पडतो आहे. काहीच झाले नाही तर जुन्या मायझमचा अडथळा. माझ्या वहीत या चारही प्रकारच्या नोंदी आहेत आणि चारींच्या पुढे माझे समाधान लिहिलेले आहे.

चढ आणि उतार

आता त्या मुलाकडे परत येतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. शिकागोच्या हेरिकने १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी प्रथम नोंदवल्या, लायनस पॉलिंगने १९४९ मध्ये हा रेणूचा रोग आहे असे दाखवले आणि इन्ग्रॅमने १९५६-५७ मध्ये तो एक बदल नेमका हुडकला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासींमधील या आजारासाठी उभे आयुष्य वेचले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकले.

मागे टिकून राहणारे, संधी मिळताच डोके वर काढणारे ते काहीतरी खरोखरच असते, असे हानेमानला कळले असते तर तो हरखला असता. येथे ते आहे, त्याचे नाव ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे. ते खरजेतून येत नाही आणि दाबल्याने आत जात नाही. जन्मापासून ते आतच असते.

या रोगाचा स्वभाव असा की वेदनेचा झटका येतो आणि बहुतेकदा काही दिवसांत आपोआप ओसरतो. थंडी, पाणी कमी पडणे, श्रम, ताप यांनी पुन्हा येतो. माणूस औषध मागायला केव्हा येतो? दुखणे शिगेला पोचते तेव्हा. तेथून पुढे उतारच असतो. त्या उताराच्या आधी जे काही दिले असेल त्याला यश मिळते, मग ती गोळी असो, भगताचा अंगारा असो की सलाईनची बाटली असो. माझ्या नऊ यशांचा अर्थ एवढाच आहे. संधिवात, दमा, अर्धशिशी, त्वचारोग, होमिओपॅथीची कीर्ती ज्या आजारांवर उभी आहे ते बहुतेक असेच चढउताराचे आहेत. म्हणून एकेका रोग्याच्या हकिकतीवरून काही सिद्ध होत नाही, तुलना करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरील १७६ अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात नाही, असा निष्कर्ष काढला. होमिओपॅथांनी त्या परीक्षणाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत. पण त्या आक्षेपांतून एखाद्या आजारातला ठाम पुरावा अजून पुढे आलेला नाही.

मला सर्वांत बोचते ती गोष्ट वेगळी आहे. सिकलसेलच्या लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिले तर जीवघेणे संसर्ग फार मोठ्या प्रमाणात टळतात, हे अमेरिकेतल्या एका चाचणीने १९८६ मध्ये दाखवून दिले होते. मी वही सुरू केली त्याच्या पाच वर्षे आधी. पेनिसिलिन महागडे औषध नव्हते. मी ते पुस्तक वाचत नव्हतो, १८२८ चे वाचत होतो.

गोळी आणि बैठक

तरीही त्या ग्रंथकर्त्याकडून घेण्यासारखे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. ‘ऑर्गनन’मध्ये रोग्याची हकिकत कशी घ्यावी यावर जी कलमे आहेत, ती कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवावीत अशी आहेत. रोग्याला मध्येच तोडू नये. त्याचे शब्द बदलू नयेत. हो किंवा नाही एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारू नयेत. घरच्या माणसांचेही ऐकावे.

२०११ मध्ये इंग्लंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या ८३ रोग्यांना गटांत वाटले होते. काहींना होमिओपॅथीची सविस्तर बैठक मिळाली, काहींना नाही. काहींना खरे होमिओपॅथिक औषध, काहींना नुसती साखर. ज्यांना बैठक मिळाली त्यांना बरे वाटले, औषध खरे की साखर याने फरक पडला नाही. ही चाचणी मला हानेमानवरचे सर्वांत न्याय्य परीक्षण वाटते. त्याचे ऐकणे गुणकारी होते, त्याची गोळी नव्हती.

मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागापुढची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला या निष्कर्षाचे महत्त्व सांगायला नको. रोगी भिलोरी, पावरी बोलतो, डॉक्टर मराठी बोलतो. मध्ये दोन मिनिटे असतात. हाडाच्या आत कांडते आहे हे वाक्य त्या दोन मिनिटांत बाहेर येत नाही, ‘अंगदुखी’ एवढेच येते आणि अंगदुखीची गोळी मिळते. जेथे ऐकून घेतले जाते तेथे माणूस जातो, मग तो भगत असो की गोळ्या देणारा लिपिक.

डोंगराळ भागात प्रत्यक्ष राहणाऱ्या खाजगी डॉक्टरांत होमिओपॅथी आणि आयुर्वेदाचे पदवीधर बरेच असतात, हेही मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून होमिओपॅथांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. तिच्यावरचा वाद अजून चालू आहे. त्या वादात मी पडत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की जो पाड्यापर्यंत पोचतो त्याच्यावरची जबाबदारी मोठी आहे. सांधे वारंवार दुखणारे, डोळे पिवळे दिसणारे मूल समोर आले, तर आधी त्याची सिकलसेलची तपासणी झाली पाहिजे. आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या मुलाला कोणीही, कोणत्याही शुद्ध उपचाराच्या नावाने, ते बंद करायला सांगता कामा नये. १ जुलै २०२३ ला शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. पण औषध रोज घ्यायचे असते, रक्त वरचेवर तपासायचे असते आणि कुटुंब दिवाळीनंतर चार-पाच महिने उसाच्या फडावर असते. निर्मूलन तेथे अडते.

वहीचे पुढे

गेल्या हिवाळ्यात मी वही घेऊन मोलगीला गेलो. घाटातला रस्ता सुधारला आहे. बाजारात आता मोबाइलची दुकाने आहेत, आमचुराचे व्यापारी पूर्वीचेच. एका पाड्यावरच्या आशाताईंना भेटलो. त्यांच्याकडेही एक वही होती : नाव, हिमोग्लोबिन, औषध दिल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात कुटुंब कोणत्या फडावर गेले आहे ते, मुकादमाच्या फोन नंबरासह. हा शेवटचा रकाना छापील नोंदवहीत नसतो. त्यांनी तो स्वतः आखला होता. फडावरच्या माणसांना त्या फोन करून औषध संपले का विचारत, घरी आलेल्या कोणाच्या हाती पुढच्या गोळ्या पाठवत.

मी माझी वही दाखवली आणि ती कशी लिहिली गेली ते सांगितले. ३४ वे पान त्यांनी दोनदा वाचले. मला वाटले त्या काही बोलतील. त्यांनी विचारले, “भाऊ, अशी अजून पाने आहेत का? पाड्याचं नाव लिहिलेली?”

होती. हानेमानच्या शिस्तीने मी प्रत्येक ठिकाणी पाडा, बापाचे नाव, भावंडे, दुखण्याचे शब्द लिहिले होते. त्या रात्री आम्ही वारंवार हाडे दुखण्याच्या नोंदी वेगळ्या काढल्या, अकरा निघाल्या. ती मुले आज चाळिशीकडे आली असतील, असतील तर. त्यांच्या घरांची यादी आशाताईंनी आपल्या वहीत उतरवली. त्यांपैकी चार घरांत कोणाचीच तपासणी झालेली नव्हती. दोन घरे डाबच्या बाजूला होती, तिकडे त्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होत्या. वही त्यांनी ठेवून घेतली.